माल परदेशी, वाट आपली

(लघुउद्योजकांच्या एका अभ्यासवर्गात ‘आयात मालाची सागरी व हवाई वाहतूक’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



५ एप्रिल १९१९ या दिवशी मुंबई बंदरातून ‘एस. एस. लॉयल्टी’ नावाचे जहाज लंडनकडे निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली होती. जहाज जुने होते, भांडवल मर्यादित होते आणि समोर उभे होते ते साम्राज्याच्या आश्रयाने वाढलेल्या ब्रिटिश कंपन्यांचे बळ. तरीही ते निघाले. त्या प्रयाणाची स्मृती म्हणून ५ एप्रिल हा आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

त्यापूर्वी १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे लोकमान्यांचे अनुयायी व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. ब्रिटिश कंपनीने भाडे पाडले. १९०८ मध्ये सरकारने चिदंबरम यांना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात धाडले. कंपनी बुडाली. सिंदियालाही अशाच दरयुद्धाला तोंड द्यावे लागले.

या लढाईत परकीय कंपन्यांचे एक शस्त्र मोठे विलक्षण होते. त्याचे नाव ‘स्थगित सवलत’. जो व्यापारी आपला सगळा माल त्यांच्याच जहाजांतून पाठवील त्याला भाड्याचा काही भाग काही महिन्यांनी परत मिळे. मधल्या काळात एखादी गोण जरी स्वदेशी जहाजावर चढली, तरी साचलेली सवलत जप्त होई. भारतीय व्यापाऱ्याच्याच पैशाने भारतीय जहाजाचा गळा आवळला जाई. व्यापाऱ्याला मात्र आपण सवलत मिळवतो आहोत असेच वाटे.

ही जुनी कथा सांगण्याचे कारण एवढेच की ती पुरती जुनी झालेली नाही.

भाडे कोणाच्या घरी जाते?

सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथील कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एक आकडा देशापुढे ठेवला. भारत परदेशी जहाज कंपन्यांना दरवर्षी सुमारे ७५ अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे ६ लाख कोटी रुपये भाड्यापोटी देतो. पन्नास वर्षांपूर्वी भारताच्या व्यापारातील स्वदेशी जहाजांचा वाटा ४० टक्के होता, तो ५ टक्क्यांवर आला आहे, असेही त्यांनी सांगितले. भारताच्या परदेश व्यापाराचा, वजनाने पाहता, सुमारे ९५ टक्के भाग समुद्रमार्गे होतो. जगातील पहिल्या दहा कंटेनर कंपन्यांत मात्र एकही भारतीय नाही.

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. केरळमधील विळिंजम बंदर मे २०२५ मध्ये राष्ट्रार्पण झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा कायदा आणि १९२५ चा सागरी मालवाहतुकीचा कायदा यांच्या जागी २०२५ मध्ये भारतीय संसदेने नवे कायदे केले.

परंतु जहाजे बांधायला वर्षे लागतात. तोवर इचलकरंजीतील यंत्रमागधारकाने, भोसरीतील सुट्या भागांच्या उत्पादकाने, सातपूर किंवा वाळूजमधील कारखानदाराने करायचे काय? त्यांच्या हाती जहाज नाही. पण जहाज निवडण्याचा अधिकार आहे. तो अधिकार बहुतेक वेळा एका ओळीच्या अज्ञानापायी सोडून दिला जातो. ती ओळ खरेदीच्या करारात असते.

तीन अक्षरांचा करार

आंतरराष्ट्रीय व्यापारात माल कोणी, कोठवर, कोणाच्या खर्चाने व कोणाच्या जोखमीवर न्यायचा, हे ठरविणाऱ्या प्रमाण संज्ञा आहेत. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये त्या प्रथम प्रसिद्ध केल्या. २०२० ची आवृत्ती सध्या प्रचारात आहे. त्यांना ‘इन्कोटर्म्स’ म्हणतात. त्यांपैकी दोन प्रत्येक आयातदाराने पाठच केल्या पाहिजेत.

‘एफओबी’ म्हणजे विक्रेत्याने आपल्या देशातील बंदरात माल जहाजावर चढवून द्यायचा. तेथून पुढचे भाडे, विमा व जहाजाची निवड खरेदीदाराची. ‘सीआयएफ’ म्हणजे खरेदीदाराच्या बंदरापर्यंतचे भाडे व विमा विक्रेत्याने भरायचा. साहजिकच जहाज आणि वाहतूक एजंट तोच निवडणार. (कंटेनरमधून येणाऱ्या मालासाठी एफओबीऐवजी ‘एफसीए’ ही संज्ञा अधिक योग्य मानली जाते, तत्त्व तेच.)

नवख्या आयातदाराला सीआयएफ सोयीचे वाटते. सगळी यातायात विक्रेत्याने करायची, आपण न्हावा शेवाला माल उचलायचा! पण येथे एक मोठी मेख आहे. सीआयएफमध्ये भाडे विक्रेता भरतो, तरी जोखीम मात्र माल त्याच्या बंदरात जहाजावर चढताच खरेदीदाराकडे येते. भर समुद्रात माल भिजला तर नुकसान खरेदीदाराचे. विक्रेत्यावर जो विमा उतरवण्याचे बंधन आहे तो किमान संरक्षणाचा असतो; चोरी, तूटफूट, पाण्याने खराबी अशा नेहमीच्या आपत्तींपैकी अनेक त्यात बसत नाहीत. थोडक्यात, धोका आपला आणि निर्णय दुसऱ्याचा.

याच्या उलट, भारतीय निर्यातदार पुष्कळदा एफओबीने विकतो, म्हणजे तेथेही जहाज परदेशी ग्राहकच निवडतो. येताना विक्रेता परका, जाताना ग्राहक परका. दोन्ही वेळा वाटेचा मालक तोच. ७५ अब्ज डॉलरच्या त्या प्रवाहाला अशा लहानलहान ओहोळांचेही पाणी मिळते.

‘फुकट’ भाड्याची किंमत

उद्योगनगरीत नेहमी घडणारा एक प्रसंग पाहावा. मागाचे सुटे भाग मागवायचे आहेत. माल तीन घनमीटर. संपूर्ण कंटेनर भरण्याइतका नाही. चीनमधील विक्रेता सांगतो, ‘नुसत्या मालाचा दर घ्या किंवा न्हावा शेवापर्यंत पोचवून घ्या, किंमत जवळपास तीच.’ फुकट ते पौष्टिक, असे म्हणून उद्योजक आनंदाने होकार देतो.

माल पोचतो. मुंबईतील एक अनोळखी एजंट बिल पाठवतो : कंटेनर रिकामा करण्याचा खर्च, हाताळणी, कागदपत्रांचे शुल्क, डिलिव्हरी ऑर्डरचे शुल्क, परकीय चलनाच्या दरावरील अधिभार. बेरीज होते ती भाड्याच्या प्रामाणिक दरापेक्षा कितीतरी अधिक. उद्योजक संतापतो, भांडतो. पण डिलिव्हरी ऑर्डर त्याच एजंटाच्या हाती असते आणि तिच्यावाचून माल हलत नाही. या भांडणात आठवडा जातो. गोदामभाडे चढत राहते. इकडे माग बंद, कामगार हात बांधून बसलेले आणि व्यापाऱ्याला दिलेली तारीख उलटलेली. अखेर मुकाट्याने पैसे भरावे लागतात.

यात नेमके घडते काय? सुटा माल गोळा करणारा परदेशी एजंट तेथील विक्रेत्याला नाममात्र दराने जागा देतो, प्रसंगी वर पैसेही देतो, आणि ती सगळी भरपाई भारतातील खरेदीदाराकडून वसूल करतो. त्या खरेदीदाराशी त्याने दराचा कोणताही करार केलेला नसतो, म्हणून वसुलीला लगाम नसतो. शंभर वर्षांपूर्वीच्या स्थगित सवलतीचाच हा नवा अवतार. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

उपाय साधा आहे. ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्याकडून एफओबी व सीआयएफ असे दोन्ही दर लेखी मागवावेत. त्याच दिवशी दोन-तीन भारतीय फॉरवर्डरांकडून, परदेशी बंदरापासून आपल्या कारखान्याच्या दारापर्यंतचा, प्रत्येक शुल्क वेगळे दाखविणारा दर घ्यावा. मग बेरजा ताडून पाहाव्यात. सीआयएफ कधीच घेऊ नये असे नव्हे. मोठ्या विक्रेत्याला जहाज कंपनीकडून खरोखरच चांगला दर मिळालेला असू शकतो. परंतु तसे असल्यास भारतातील सर्व शुल्कांचा आकडा आधी लेखी घ्यावा. निर्णय डोळसपणे व्हावा, एवढेच.

समुद्र की आकाश?

मार्ग निवडतानाही भावनेपेक्षा गणित उपयोगी पडते. समुद्रमार्गे सुट्या मालाचे भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे अधिक त्यावर लागते. २० फुटी कंटेनरचे आतील घनफळ सुमारे ३३ घनमीटर असते. प्रत्यक्ष माल २७-२८ घनमीटर मावतो. माल पंधरा घनमीटरच्या घरात गेला की पूर्ण कंटेनरचा दर विचारून पाहावा. अर्धा रिकामा कंटेनरही अनेकदा सुट्या मालापेक्षा स्वस्त पडतो आणि माल इतरांच्या मालात मिसळत नाही.

विमानात वजनाबरोबर आकारमानालाही दाम पडतो. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ६००० ने भागले की आकारमानाचे वजन मिळते. ६० × ५० × ४० सेंटिमीटरच्या खोक्यात ८ किलो माल असला, तरी भाडे २० किलोचे लागते. विक्रेत्याला खोके लहान करायला सांगितले, तर तेवढ्यानेच मोठी बचत होते. एका पत्राचे हे काम; पण ते पत्र लिहिणारे थोडे.

हवाई भाडे महाग, हे खरे. पण चार किलोच्या इलेक्ट्रॉनिक भागावाचून सारा कारखाना थांबला असेल, तर तीन आठवडे जहाजाची वाट पाहणे हीच उधळपट्टी ठरते. कायद्यानेही येथे थोडा दिलासा दिला आहे. आयातशुल्क मालाच्या किमतीत भाडे व विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर लागते. मात्र हवाई मालाच्या बाबतीत भाडे एफओबी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरले जात नाही. १० लाखांच्या मालाला ३ लाख विमानभाडे पडले, तरी शुल्कासाठी २ लाखच मोजले जातात.

याच नियमाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. भाड्याचा पुरावा देता आला नाही, तर एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे गृहीत धरले जाते. विम्याचा आकडा नसेल तर १.१२५ टक्के. समुद्राचे खरे भाडे ५ टक्के असताना केवळ पावतीअभावी २० टक्क्यांवर शुल्क भरणे, हा निष्काळजीपणाचा दंडच होय.

कागद आधी, माल नंतर

सागरी वाहतुकीत बिल ऑफ लेडिंग हा केवळ पावतीचा कागद नव्हे. तो मालाच्या मालकीचा दस्तऐवज आहे. मूळ प्रत हाती असल्याशिवाय जहाज कंपनी माल सोडत नाही. हवाई मालपत्राचे तसे नाही. ते हस्तांतरणीय नसते. त्यावर ज्याचे नाव त्याला माल मिळतो. म्हणून बँकेमार्फत व्यवहार असेल तेव्हा हवाई मालपत्रावर माल घेणारा म्हणून बँकेचे नाव घातले जाते. हा भेद न कळल्याने पैसे देण्या-घेण्याचे अनेक वाद उद्भवतात.

बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करावे लागते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार पडू शकतो. शुल्क वेळेत न भरल्यास १५ टक्के दराने व्याज चालू होते. बंदरात किंवा कंटेनर स्थानकात माल पडून राहिला तर गोदामभाडे, आणि कंटेनर मुदतीत रिकामा करून परत न दिल्यास जहाज कंपनीचे वेगळे विलंबशुल्क. ही दोन निरनिराळी मीटर एकाच वेळी पळत असतात, हे पहिल्या बिलापूर्वी कित्येकांना ठाऊकच नसते. तीस दिवसांत माल सोडवला नाही, तर तो विकून टाकण्याची तरतूदही कायद्यात आहे.

म्हणून विक्रेत्याने माल चढविण्यापूर्वीच बीजक, पॅकिंग यादी व बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मागवून कस्टम्स ब्रोकरकडून तपासून घ्यावा. मालाचे वर्णन, वजन, नगांची संख्या तिन्ही कागदांत एकच असावी. यंत्र लाकडी पेटीतून येणार असेल तर लाकडावर कीडप्रतिबंधक प्रक्रियेचा ‘आयएसपीएम १५’ हा शिक्का आहे ना, याची खात्री करावी. शिक्का नसलेली पेटी लाखोंचे यंत्र बंदरात अडकवून ठेवू शकते. आणि मुख्य म्हणजे, शुल्क वाचवण्यासाठी कमी किमतीचे बीजक बनवण्याच्या मोहात पडू नये. ती चतुराई नव्हे, ती राष्ट्राच्या तिजोरीतील चोरी आहे.

विम्याचा धडा

मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे महाकाय जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. जहाज सुटल्यावरही मालधनी सुटले नाहीत. जहाज वाचवण्याचा खर्च जहाजमालक आणि सर्व मालधनी यांनी प्रमाणशीर वाटून घ्यावा, असा सागरी व्यापाराचा शतकानुशतकांचा दंडक आहे. तो येथेही लागू झाला. ज्यांचा विमा होता त्यांच्या वतीने विमा कंपनीने हमी दिली. ज्यांचा नव्हता त्यांना स्वतःच तजवीज करावी लागली. म्हणजे आपला माल सुखरूप असतानाही, दुसऱ्याच्या जहाजाच्या संकटाचे बिल आपल्या दारी येऊ शकते.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि असंख्य जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. युरोपच्या फेरीत दहा-चौदा दिवसांची भर पडली, भाडी भडकली. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या जहाजावर क्षेपणास्त्र आदळले, तेव्हा त्यावरील आग विझवायला भारतीय नौदलाची ‘आयएनएस विशाखापट्टणम’ धावून गेली. नौदल समुद्रात रक्षण करील. हिशेबाचे रक्षण मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे. मालाच्या किमतीच्या ११० टक्के रकमेचा, सर्व जोखमींचा विमा भारतीय विमा कंपनीकडून उतरवणे हे आयातदाराचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे. नुकसान झालेच तर दावा पुण्यात किंवा मुंबईत लढता येतो, शांघायमध्ये नव्हे.

स्वदेशीचा अर्थ

येथे कोणी विचारील : जहाज तर बहुधा परदेशीच असणार, मग निवड आपण केली काय नि दुसऱ्याने केली काय, फरक कोणता?

फरक आहे. फॉरवर्डर भारतीय, विमा भारतीय, कस्टम्सचे काम भारतीय आणि दराची घासाघीस रुपयांत, आपल्या भाषेत. वाटेतील प्रत्येक टप्प्यावरचा मोबदला व अनुभव येथेच राहतो. शिवाय हजारो भारतीय आयातदार स्वतः जागा आरक्षित करू लागले, तरच भारतीय जहाज कंपनीला खात्रीचे गिऱ्हाईक लाभेल. गिऱ्हाईक नसताना जहाजे बांधून उपयोग काय?

स्वदेशी म्हणजे आयातबंदी नव्हे. जे येथे होत नाही ते आणावेच लागेल. पण ते आपल्या अटींवर आणावे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभ्याला धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातील मीठ स्वस्त पडून स्वराज्यातील मिठाचा व्यापार बसू नये, म्हणून त्यावर जबर जकात घ्यावी, अशी आज्ञा त्यात आहे. त्यासाठी महाराजांनी संगमेश्वरी मिठाचा आणि बारदेशी मिठाचा भाव ताडून पाहिला. तलवार गाजवणारा राजा मिठाच्या गोणीचाही हिशेब ठेवत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही शुल्काध्यक्ष आणि नावाध्यक्ष यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. वाटेचा हिशेब हा राज्यकारभाराचाच भाग आहे, ही या भूमीची जुनी जाण आहे.

कार्यकर्त्यांनी या कामात पुष्कळ करता येईल. एकाच औद्योगिक वसाहतीतील पाच-सहा लहान आयातदार एकत्र आले, तर सुट्या मालाऐवजी पूर्ण कंटेनर मागवता येतो आणि फॉरवर्डरशी वर्षाचा दर ठरवता येतो. सहकाराच्या महाराष्ट्राला हे अवघड वाटू नये. मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींनी कस्टम्स ब्रोकरची परीक्षा, फॉरवर्डिंग, सागरी विमा या क्षेत्रांकडे वळावे. न्हावा शेवा आहे, नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे, वाढवण उभे राहत आहे. या दारांच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला असणार, हे पुढच्या पिढीच्या शिक्षणावर ठरेल.

‘लॉयल्टी’ बंदराबाहेर पडली तेव्हा तिच्यामागे राजसत्ता नव्हती. आज स्वराज्य आहे, कायदे आपले आहेत, बंदरे आपली आहेत. पुढच्या ऑर्डरवर सही करण्यापूर्वी प्रत्येक उद्योजकाने क्षणभर थांबून एवढेच विचारावे : या मालाची वाट कोण ठरवणार आहे? त्या प्रश्नाचे उत्तर ‘मी’ असे येऊ लागले, की वालचंदांचे अपुरे राहिलेले काम पुढे सरकू लागेल.